डॉक्टर होऊ घातलेली मुले आणि आपले घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



डॉक्टर म्हटला की दवाखाना, सुई आणि औषधाची बाटली आपल्या डोळ्यांपुढे येते. झालेला रोग बरा करणे हे त्याचे काम खरेच. पण रोग होऊच नये म्हणून झटणे हेही त्याचेच काम आहे. हे दुसरे काम नुसत्या पुस्तकातून येत नाही. त्यासाठी लोकांच्या घरी जावे लागते.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी 1969 साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे प्रत्येक नव्या तुकडीला एक खेडे नेमून देतात. मुले पहिल्याच वर्षी पंधरा दिवस त्या गावी राहतात, घरोघर जातात आणि पुढेही त्या घरांशी संबंध ठेवतात. 2022 पासून तर देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक घेण्यास सांगितले आहे. अमरावती-अकोल्यासही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेव्हा ही मुले-मुली आपल्याही दारी येतील.

ती आली की आपण "सगळे ठीक आहे" म्हणतो आणि चहा पाजून वाटेला लावतो. असे करू नका. गरोदर सुनेला लोहाच्या गोळ्या मिळतात. पण मळमळते म्हणून त्या फडताळातच राहतात, किंवा ती त्या चहाबरोबर घेते आणि चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही. हे तिने सांगितले, तरच गोळी लिहून देणे निराळे आणि ती अंगी लागणे निराळे, हे त्या मुलाला कळेल.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण कोरडा करा, असे तो सांगेल. आपणही विचारावे, "बाबा, नळ चार दिवसांनी येतो, भरला रांजण ओतू कसा?" मग उपाय दोघांनी मिळून निघेल : रांजणाला घट्ट कापड बांधावे आणि नळाच्या दिवशी तळ घासून मगच भरावा. असे शिकलेला डॉक्टर पुढे कोणा बाईवर रागावण्याआधी तिच्या घरी पाणी कधी येते ते विचारील.

दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणारे गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. त्यांच्या मुलखात हे काम आपल्याला परके वाटू नये.

तेव्हा ही मुले आली तर बसायला द्या, पाणी द्या आणि खरे ते सांगा. सासूबाईंनी त्या वेळी सुनेला बोलू द्यावे, एवढी माझी विशेष विनंती आहे.