समजणं म्हणजे जागं होणं

मराठीच्या शिक्षक मित्रहो,

आज मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. वर्गात रोज कितीतरी वेळा तो आपल्या तोंडी असतो : 'समजलं का?'

'समजणे'च्या मुळाशी संस्कृतातलं 'सम्' आणि 'बुध्' आहे. 'संबुध्यते'चं प्राकृतात 'संबुज्झइ' झालं. पुढे हिंदीनं 'समझना' म्हणत 'झ' राखला, आपण 'समजणे' म्हणत 'ज' केला. 'बुध्'चा जुना अर्थ जागं होणं. कार्तिकात विष्णू झोपेतून उठतो म्हणून ती प्रबोधिनी एकादशी. सिद्धार्थ गौतम जागा झाला म्हणून तो बुद्ध. आपली घरगुती 'समज' या थोर शब्दांची सख्खी बहीण आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोश मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. 'समंजस' मात्र या घरातला नाही. तो 'योग्य' या अर्थाच्या 'समञ्जस'वरून आला. कानाला तेवढा नात्यातला वाटतो.

आता वाक्यरचना पाहा. 'मी धडा वाचला', पण 'मला धडा समजला'. वाचणं माझ्या हातात आहे. समजणं भुकेसारखं, झोपेसारखं मला येतं. मराठी त्याचं कर्तेपण माझ्याकडे देत नाही. 'मी त्याला शहाणा समजत होतो' असं म्हटलं, की तिथे 'मी' कर्ता होतो आणि लगेच चुकीला वाव मिळतो. खरी समज आणि नुसता समज यांतला फरक भाषेनं असा एका विभक्तीत सांभाळून ठेवला आहे. व्याकरण शिकवताना हे आपण मुलांना दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेत अलीकडे दुसराच शब्द मोठा झाला आहे : आकलन. त्याचा संस्कृतातला एक अर्थ बांधणं, आणि आपलं 'आकळणे' म्हणजे कवेत घेणं, आवरून धरणं. दहावीच्या कृतिपत्रिकेत 'आकलन कृती' असतात. उताऱ्यातले शब्द उचलायचे आणि चौकटीत बसवायचे. त्यालाही महत्त्व आहे, पण ते बांधणंच झालं. मूल जागं झालं का, हे कळण्याची जागा 'स्वमत' ही आहे, म्हणजे मुलानं स्वतःचं मत स्वतःच्या शब्दांत लिहायचा प्रश्न.

आणि तिथेच आपण कमी पडतो. मीही पडलो. 'समजलं का?' विचारलं की सगळा वर्ग एका सुरात 'हो सर' म्हणायचा आणि मी पुढे जायचो. एकदा वह्या तपासायला बसलो, तर प्रत्येक वहीत स्वमताचं उत्तर तेच, शब्दाला शब्द तेच. ते मीच फळ्यावर लिहून दिलेलं होतं. चाळीस मुलांचं मत माझ्या हस्ताक्षरातून उतरलं होतं. त्या दिवसापासून मी स्वमताचं उत्तर फळ्यावर लिहिणं सोडलं. सुरुवातीला मुलांनी दोन-दोन ओळी लिहिल्या, मोडक्यातोडक्या, पण त्यांच्या.

मित्रहो, माझी एवढीच विनंती आहे. येत्या वर्षात स्वमताचं एकही उत्तर सांगून लिहून घेऊ नका. मार्गदर्शक पुस्तकातलं तर नकोच. मुलानं चुकीचं लिहिलं तरी चालेल, ते त्याला लिहू द्या.