बोद फळीवर आहे तोवर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

शिलाई मिळेपर्यंत शिंपी कपडा अडवून ठेवू शकतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० त्याला तो हक्क देते. अमेरिकेत तर सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो तसा बांधकाम मजूर थकलेल्या मजुरीचा बोजा इमारतीवर चढवू शकतो. आपल्याकडे रस्त्यावर गिट्टी फोडणारीला रस्ता अडवून ठेवता येत नाही. कायदा तिला एवढेच देतो, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी. पण त्यासाठी हजेरीपटावर तिचे नाव तर हवे! पुष्कळदा जोडीची मजुरी नवऱ्याच्याच नावावर पडते.

तेंदूपत्त्याचे तसे नाही. सत्तर पानांचा पुडा बांधून बाई फळीवर देते, पाने वाळतात, बोद भरतात. पण वाहतूक परवान्याशिवाय गाडी हलत नाही. मेंढा-लेखाने २०११ मध्ये बांबूच्या परवान्यांचे पुस्तक आपल्या हाती घेतले. २०१२ च्या सुधारित वनहक्क नियमांनी हा अधिकार ग्रामसभेच्या समितीला दिला. तरीही २०१७ च्या चढ्या भावानंतर गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांकडे अडकलेच. माल गेल्यावर नुसते हेलपाटे उरतात, आणि किराणावाल्याला तोंड द्यायचे ते बाईने.

म्हणून करारनाम्यात आधीच लिहून घ्या: पैसे जमा झाल्याशिवाय परवाना नाही. सही करणाऱ्यांत बायका हव्यात. कार्ड आणि बँकखाते पाने तोडणारीच्या नावाचे हवे. ठेकेदार म्हणेल, पाऊस तोंडावर आलाय, आधी गाडी सोडा. पाने भिजण्याची धास्ती त्यालाच जास्त असते. त्याच दोन दिवसांत भरणा करून घ्या.