एकाच आईची दोन बाळे



पुसेगाव परिसरातील कुटुंबे आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. आई एच.आय.व्ही. बाधित, थोरल्यास लागण झाली, धाकटीस झाली नाही, हे कसे? कोणी यास नशीब म्हणतात, कोणी सुनेच्या माथी दोष मारतात. शास्त्राचे उत्तर निराळे आहे.

उपचार न केल्यास गर्भारपण, प्रसूती व स्तनपान या काळात शंभरांपैकी १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळे औषधावाचूनही सुटतात. आईच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण हे यामागील प्रमुख कारण. पण जनुकांचाही वाटा आहे.

पेशीत शिरताना विषाणू बहुधा सीसीआर-५ नामक प्रथिनाचा दारासारखा उपयोग करतो. काही माणसांत या जनुकातील ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, हे १९९६ साली आढळले. माता व पिता दोघांकडून असे जनुक आलेल्यास लागण सहसा होत नाही. उत्तर युरोपात अशी माणसे शंभरांत एखादे. भारतीयांत हा बदल फारच विरळ. त्या भरवशावर आपल्या बाळांस सोडता येणार नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक विलक्षण वाटते. आपले-परके ओळखण्याच्या कामी येणारी एच.एल.ए. जनुके बाळास निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून मिळतात. नैरोबी येथील १९९८ च्या अभ्यासात, ज्या बाळांची ही जनुके आईशी अधिक जुळत होती, त्यांच्यात लागण अधिक दिसली. आईच्या शरीरात मुरलेला विषाणू तिच्या प्रतिकारशक्तीस चुकविण्यास सरावलेला असतो. बाळाची घडण तशीच असल्यास त्यालाही तो चकवितो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पित्याकडून आलेले वेगळेपण असे कामी येते. अर्थात जनुके म्हणजे सर्वस्व नव्हे. जुळ्यांत आधी जन्मणाऱ्या बाळास धोका अधिक असतो, तो केवळ जन्माच्या क्रमामुळे.

मग आपणही जनुकीय तपासणी सुरू करावी काय, असे काही देणगीदारांनी सुचविले. त्यांच्या सद्भावनेचा आदर राखून आम्ही नम्रपणे नकार देतो. त्या तपासणीने उपचार बदलत नाही. तोच पैसा गरोदर भगिनीच्या एस.टी. भाड्यास लावला, तर ती वेळेवर औषधापर्यंत पोहोचते.

औषधाचे सामर्थ्य सिद्ध आहे. नेव्हिरापिनची एक मात्रा आईस व एक बाळास देऊन लागण बरीच घटते, हे १९९९ साली युगांडात दिसले. बाळास सहा आठवडे मात्रा देण्याच्या प्रयोगात पुण्याचे ससून रुग्णालयही सहभागी होते. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीस तीन औषधांचा आजीवन उपचार सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतो. तो नियमित घेतल्यास लागणीचे प्रमाण शंभरांत पाचांच्या खाली येते.

आप्तेष्टांना एक विनंती. बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीची चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तरी बाळ बाधित असेलच असे नाही. त्याआधी निदानासाठी विषाणूच्याच अंशाचा शोध घेणारी निराळी चाचणी लागते. त्याकरिता बाळ सहा आठवड्यांचे होताच घेऊन यावे. टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतले जातात, आणि तेवढे पुरते.