‘करला’ म्हणणारे मूल



पहिली-दुसरीच्या वर्गात ‘मी अभ्यास करला’, ‘उंदीर मरला’ अशी वाक्ये पुष्कळदा कानी पडतात. पाटीवर फुली मारली जाते. क्वचित वर्गात हशाही पिकतो. परंतु हे रूप मुलाने कोठून आणले, याचा विचार सहसा होत नाही. घरीदारी सर्वजण ‘केला’च म्हणतात, तेव्हा ‘करला’ हे ऐकलेले रूप नव्हे. धर-धरला, भर-भरला, चर-चरला, मग कर-करला! मूल मनातल्या मनात त्रैराशिक मांडते व चौथे पद काढते. भाषाशास्त्रात यास सादृश्य म्हणतात. हेरमान पाऊल या जर्मन पंडिताने 1880 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही क्रिया अशाच प्रमाणाच्या रूपाने मांडून दाखविली आहे.

अमेरिकेत जीन बर्को या विदुषीने 1958 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. तिने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘हा वग’ असे सांगितले. मग दोन प्राणी दाखवून, ‘हे दोन …’ हे वाक्य पुरे करावयास सांगितले. बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे अनेकवचन केले. हा शब्द जगात कोणीच उच्चारलेला नव्हता; अर्थात तेथे पाठांतराचा प्रश्नच नव्हता.

हे केवळ बालकांचेच चाळे नव्हेत. संस्कृतात ‘अग्नि’ची षष्ठी ‘अग्नेः’. पालीत मात्र ‘बुद्धस्स’च्या वळणावर ‘अग्गिस्स’ झाली. सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत ‘बुक’ या शब्दाचे अनेकवचन, ‘फूट’चे ‘फीट’ व्हावे तसे, आतील स्वर बदलून होत असे. पुढे ते इतर नामांच्या रांगेत बसून ‘बुक्स’ झाले. ‘फीट’ मात्र टिकले. सादृश्य नेहमी नियमाकडेच ओढते असेही नाही: 1611 च्या इंग्रजी बायबलात ‘डिग’चे नियमित ‘डिग्ड’ आढळते, आज रूढ आहे ते अनियमित ‘डग’.

आता आपल्या घराकडे वळू. ‘केला, गेला, मेला’ ही रूपे लहरी दिसतात. पण ती कृत, गत, मृत यांपासून प्राकृतातून झिजत आलेली जुनी रूपे आहेत. दिवसातून शंभरदा तोंडी येतात, म्हणूनच ती सादृश्याला दाद देत नाहीत. शेजारच्या हिंदीत ‘मृत’पासून आलेले ‘मुआ’ मागे पडले, ते शिवीपुरते उरले. आणि ‘मरना’चे ‘मरा’ प्रमाण ठरले. म्हणजे मराठी मुलाच्या ज्या ‘मरला’ला आपण हसतो, त्याचाच भाऊ पलीकडे व्याकरणाच्या पुस्तकात मानाने बसला आहे! हिंदीच्या बोलण्यात ‘किया’ऐवजी ‘करा’ही ऐकू येते, ते अद्याप प्रमाण मानलेले नाही, इतकेच.

शिक्षकाने आणखी एक गोष्ट जाणावी. पुष्कळ मुले प्रथम ‘केला’ म्हणतात, मग काही काळ ‘करला’ म्हणतात, आणि पुन्हा ‘केला’वर येतात. मधल्या काळात मूल मागे गेले असे वाटते. वस्तुतः तेव्हाच नियम त्याच्या हाती आलेला असतो. त्या वेळी छडी उगारणे म्हणजे विचार केल्याबद्दल शिक्षा करणे होय. ‘मी चित्र करलं’ असे मूल म्हणाले, तर ‘केलंस? कशाचं केलंस?’ एवढे विचारावे. योग्य रूप कानावर जाते आणि संभाषणही तुटत नाही.

मात्र खेड्यातील मूल ‘व्हता’ म्हणते, तेथे हा न्याय लावू नये. ते त्याचे त्रैराशिक नव्हे. ते त्याच्या घरचे बोलणे आहे. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण सोपी: ते रूप घरातील वडील माणसेही बोलतात काय, हे पाहावे. बोलत असतील, तर ती बोली. तिच्या शेजारी पुस्तकातले ‘होता’ शिकवावे, तिच्या जागी नव्हे.