शस्त्रक्रियेचा रोगी आणि आजीबाईचा बटवा

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर किंवा कारंजा येथील एखाद्या घरातून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रोगी अकोल्यास किंवा नागपुरास निघाला, म्हणजे त्याच्याबरोबर बहुधा दोन गाठोडी निघतात. एकात कपडे, पांघरूण आणि तपासण्यांचे कागद असतात. दुसरे लहान असते. त्यात सुंठ, ओवा, हिरडा, हळकुंड, जेष्ठमधाची काडी असा घरचा बटवा असतो. हल्ली अश्वगंधाच्या गोळ्यांची बाटलीही असते. पहिले गाठोडे सर्वांदेखत सोडले जाते. दुसरे परिचारिका पाठमोरी झाली म्हणजे सुटते. वाशीम १९९८ साली स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२४ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. रोग्याचा प्रवास त्यामुळे पुढेमागे कमी होईल. दुसरे गाठोडे मात्र पलंगाखालीच राहील, अशी चिन्हे आहेत. श्रोतेहो, आज त्या गाठोड्याविषयी बोलावयाचे आहे.

त्यातील वस्तूंना हसण्याचे मुळीच कारण नाही. आपल्याकडील शस्त्रवैद्यकाचा मूळ ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्या सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय शस्त्रकर्माच्या पूर्वतयारीविषयी आणि नंतरच्या शुश्रूषेविषयी आहे. त्यात व्रणाला गुग्गुळ, अगरू, वेखंड, पांढरी मोहरी आणि कडुनिंबाची पाने यांची धुरी देण्यास सांगितले आहे. आणि अध्याय संपता संपता आचार्य म्हणतात की, शस्त्र लागल्याने जी तीव्र वेदना होते, ती जेष्ठमध घातलेल्या कोमट तुपाच्या सिंचनाने शमते. शस्त्र चालविणाऱ्या मनुष्याने शस्त्राच्या वेदनेचा इतका विचार करावा, ही गोष्ट मला त्या औषधापेक्षाही मोठी वाटते.

योगायोग असा की, गाठोड्यातील ज्या एका वस्तूची आधुनिक पद्धतीने चांगली परीक्षा झाली आहे, ती हे जेष्ठमधच होय. पूर्ण भूल देताना रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. शस्त्रक्रिया पायाची असो की पाठीची, जागे झाल्यावर घसा दुखतो, खवखवतो, आणि खोकला आला की ताज्या टाक्यांवर ताण पडतो. २००९ साली लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉक्टरांनी पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या ४० रोग्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्या रोग्यांना भूल देण्यापूर्वी पाच मिनिटे अर्धा ग्रॅम जेष्ठमध घातलेल्या पाण्याच्या गुळण्या करावयास लावल्या, उरलेल्यांना नुसत्या पाण्याच्या. जेष्ठमधाच्या गटात घसादुखी आणि खोकला दोन्ही कमी आढळले. चाळीस रोगी म्हणजे थोडेच. परंतु २०१३ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी छातीच्या शस्त्रक्रियेच्या २३६ रोग्यांवर तोच प्रयोग केला. तेथे नळी अधिक जाड असते आणि घशाला त्रासही अधिक होतो. दुसऱ्या गटाला त्यांनी साखरेच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, म्हणजे गोडीवरून कोणास काही ओळखू येऊ नये. तेथेही घसादुखीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. या गुळण्या होत्या. पाणी थुंकून टाकावयाचे होते. तेच जेष्ठमध काढ्यातून आठवडेच्या आठवडे पोटात गेले, तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. पोटॅशियम उतरलेल्या रोग्याचे हृदय भुलेखाली अनियमित चालू लागण्याची भीती असते. काडी तीच, मनुष्य तोच. एका रीतीने ती घशाला आराम देते, दुसऱ्या रीतीने हृदयाला अपाय करते. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे आपल्याकडील आवडते वाक्य आहे. ते खरे नाही.

किंबहुना ज्या वनस्पतींनी शस्त्रक्रियेला सर्वांत मोठा हातभार लावला, त्या साऱ्या विषारीच होत्या. तीव्र वेदना थांबविणारे मॉर्फीन अफूच्या चिकातून निघाले. भूल देताना हृदयाची मंदावलेली गती सावरणारे अ‍ॅट्रोपीन आणि वांती थांबविणारे हायोसीन ही द्रव्ये आपल्या धोतऱ्यातही आहेत. जपानमध्ये हानाओका सेईशू नावाच्या शस्त्रवैद्याने धोतरा आणि बचनागाच्या जातीची मुळी यांचे मिश्रण पाजून १८०४ साली एका स्त्रीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली; बोस्टनच्या ईथरच्या सुप्रसिद्ध प्रयोगापूर्वी ४२ वर्षे. मात्र ते मिश्रण सिद्ध करीत असता त्याच्या पत्नीवर प्रयोग झाले आणि तिची दृष्टी गेली, असे सांगतात. आज ही द्रव्ये रुग्णालयात मोजून दिली जातात, आणि रोग्याला जो गुण येतो तो त्या मापात आहे.

आता हळदीकडे वळू. वाशीम जिल्ह्यात ती पिकते. जवळचे वसमत तर हळदीसाठीच नावाजलेले आहे. हळद जखमेवर लावावी, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले, तेव्हा आपल्याकडे संताप झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत त्याला हरकत घेतली, संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ आधार पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. हा विजय खराच. परंतु त्यातून सिद्ध काय झाले? हा उपयोग नवा नाही, एवढेच. शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर हळद दाबावी, असे त्या निकालात कोठेही नाही. टाक्यांची जखम ही विळी लागून झालेली जखम नव्हे. ती निर्जंतुक हत्यारांनी केलेली आणि निर्जंतुक पट्टीखाली झाकलेली असते. घरातील डब्यातली पूड निर्जंतुक नसते. बाजारातील पिवळ्याधमक पुडीत कधी कधी शिसे असलेला रंगही असतो. शिवाय हळदीने रंगलेल्या कातडीवरची लाली दिसत नाही, आणि जखम चिघळू लागल्याची पहिली खूण तर ती लालीच असते.

हळदीला शस्त्रक्रियेत मानाची जागा मिळालेली पाहावयाची असेल, तर ती क्षारसूत्रात पाहावी. भगंदरासाठी वापरावयाचा हा औषधी दोरा होय. साध्या दोऱ्यावर थोराच्या, म्हणजे स्नुहीच्या, चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, आणि शेवटी चीक आणि हळद यांचे तीन, असे एकवीस लेप वाळवून वाळवून चढवितात. थोर आणि आघाडा आपल्या वऱ्हाडात कोणत्याही धुऱ्यावर सापडतो. परंतु म्हणून तो दोरा घरी करावयाचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक रुग्णालयांत क्षारसूत्राची नेहमीच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेने जखम सुमारे चार आठवड्यांत भरली, क्षारसूत्राने आठ लागले. पण वर्षभरात भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११, तर क्षारसूत्रानंतर शेकडा ४ होते. एकीत वेळ वाचतो, दुसरीत पुन्हा पडण्याची धास्ती कमी. आयुर्वेदाचा कैवार घेणाऱ्यांनी आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांनी, दोघांनीही हा हिशेब वाचण्यासारखा आहे.

सुंठ आणि आले यांविषयी थोडक्यात सांगतो. भुलेनंतरची मळमळ ही वेदनेइतकीच रोग्याला नकोशी असते. निदान एक ग्रॅम आले पोटात गेल्यास पहिल्या दिवसाची मळमळ आणि वांती कमी होते, असे २००६ साली पाच प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात आढळले. इसबगोलाचे तर शस्त्रवैद्य स्वतःच नाव काढतात. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर शौचाला जोर करावा लागू नये, यासाठी त्याच्यासारखे सोपे साधन नाही. मात्र त्याबरोबर भरपूर पाणी प्यावे लागते, नाहीतर तेच अडून बसते.

हे झाले शस्त्रक्रियेनंतरचे. खरा धोका आधीच्या दिवसांत असतो, आणि तेथेच आपली माणसे सर्वांत निर्धास्त असतात. लसणाने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. १९९० साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात एका ८७ वर्षांच्या वृद्धाची हकीकत आली होती. रोज बराच लसूण खाण्याच्या सवयीने त्याच्या मणक्यात आपोआप रक्तस्राव झाला, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. फोडणीतील दोन पाकळ्यांनी काही होत नाही. परंतु लसणाच्या गोळ्या किंवा रोज सकाळी उपाशीपोटी कच्चा लसूण, हे शस्त्रक्रियेपूर्वी निदान सात दिवस बंद ठेवावे, असे २००१ सालापासून भूलशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले जाते. मधुमेही मनुष्य कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांची पूड घेत असेल आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी उपाशी असेल, तर त्याची साखर नको तितकी उतरू शकते. अश्वगंधाने गुंगी येते, आणि तीत भुलेच्या औषधाची भर पडते.

आणि उपाशी म्हणजे उपाशी. भुलेखाली घशाची राखण सुटते. पोटातले वर आले तर ते फुप्फुसात जाते, आणि त्यात माणसे दगावतात. मोठ्या माणसाला हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, हा सर्वसाधारण नियम. दूध या हिशेबात पाणी नसून अन्न आहे. तेव्हा पहाटे मायेने पाजलेले हळदीचे दूध म्हणजे जेवणच झाले. सुश्रुतानेही उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग यांची शस्त्रकर्मे रोग्याला उपाशी ठेवूनच करावीत, असे बजावले आहे. आपल्या आज्यांनी ते ऐकले असावे, नातवंडांनी नाही.

मग हे सारे लपविले का जाते? डॉक्टर रागावतील म्हणून. हे भय अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. काढ्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारे डॉक्टर आहेत, आणि त्या आठ्यांमुळे रोगी पुढच्या वेळी गप्प बसतो. ‘काही घेता का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. कारण औषध म्हणजे दुकानातील गोळी, अशी घरोघरी समजूत आहे. ‘सकाळी उठून काय काय पोटात जाते?’ असे विचारले, तर घरची बाई सगळे सांगते.

शस्त्रक्रियेच्या आधी भूल देणारे डॉक्टर रोग्याला तपासावयास येतात. ती पाच-दहा मिनिटांचीच भेट असते. त्या वेळी गाठोडे पलंगावर सोडून ठेवावे. कोणती पूड, किती चमचे, किती दिवसांपासून, आणि शेवटची कधी घेतली, हे कागदावर लिहून आणले तर अधिक चांगले. बाटली असेल तर बाटलीच दाखवावी, कारण एकाच नावाखाली निरनिराळे कारखाने निरनिराळ्या वस्तू भरतात. जेष्ठमधाच्या गुळण्या हव्या असतील, तर त्याही त्याच वेळी विचाराव्या. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मात्र डब्यातच राहू द्यावेत. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला वारा सरून साधा वरणभात पचू लागला, आणि डॉक्टरांनी ‘आता नेहमीचे द्या’ असे सांगितले, म्हणजे ते बाहेर काढावेत.