गणिताच्या तासातील भाषा

गणितात कच्चा म्हणून शाळेच्या दप्तरी ज्याची नोंद होते, तो विद्यार्थी आकडेमोडीत तरबेज असूनही पुष्कळदा उदाहरणाच्या भाषेपाशीच अडखळलेला असतो, या गोष्टीचा विचार जितक्या गांभीर्याने व्हावयास हवा तितका होत नाही. 'सीतेजवळ 12 आंबे असून ते गोविंदाच्या आंब्यांपेक्षा 4 ने अधिक आहेत, तर गोविंदाजवळ किती?' असे विचारले असता, 'अधिक' दिसताच बेरीज करावयाची अशी खूणगाठ ज्याने बांधली आहे तो मुलगा तत्काळ 16 म्हणतो. वास्तविक उत्तर 8 आहे. एकेका शब्दाला एकेक क्रिया कायमची चिकटवून देण्याची ही पद्धत मला घातक वाटते.

व्याजाच्या प्रकरणात 'द. सा. द. शे.' ही अक्षरे मंत्रासारखी पाठ होतात. परंतु 'दर साल दर शेकडा' म्हणजे शंभर रुपये मुद्दलावर एका वर्षाचे व्याज, एवढे उलगडून सांगितले की 200 रुपयांवर 5 दराने 3 वर्षांत 30 रुपये सरळव्याज कसे होते, हे सूत्रावाचूनही उमगते. लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आणि मसावि (महत्तम सामाईक विभाजक) या अक्षरांचेही तसेच; तीही उलगडूनच सांगावीत.

त्रिज्येची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी खुंटी व दोरी घेऊन मुलांकडून अंगणात वर्तुळ आखून घ्यावे, ताणलेली दोरी दाखवावी आणि मगच तिचे नाव सांगावे. शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती अशी की, उत्तर बरोबर आले तरी ते कसे आले, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या मराठीत सांगण्याची संधी रोज द्यावी.