बाहेरची साथ आणि आपली संघटना
(पनवेलच्या मेळाव्यात तरुण गटाच्या वतीने केलेले भाषण)



वाडीवर बैठक घेतली की जुनी माणसं आम्हा पोरांना विचारतात, परदेशातली माणसं आपल्याला काय देणार? त्यावरच आज बोलायचं आहे.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. तेव्हा बाहेरचा देश म्हणजे धान्याची गोण, आणि आपण रांगेत उभे. पोटाला आधार झाला, पण आपली जमीन आपल्या नावावर का नाही, हे कुणी विचारलं नाही.

नर्मदेवर ही गोष्ट बदलली. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्यात बुडणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं मणिबेली, आपल्यासारख्याच आदिवासींचं. नर्मदेच्या लोकांनी परदेशात धान्य मागितलं नाही. तुमच्या पैशाने आमची गावं बुडतात, हे कळवलं. मग जपानच्या लोकांनी तिथल्या सरकारला जाब विचारला. १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीचे पुढचे पैसे थांबवले. बँकेलाही स्वतंत्र समिती नेमावी लागली. बँकेने मागे हटावं, असं समितीने १९९२ मध्ये सांगितलं. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज बंद झालं.

तरी धरण थांबलं नाही. इथल्या सरकारने स्वतःचा पैसा घातला आणि त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. म्हणजे तिकडची माणसं तिकडचा पैसा अडवतील. इथल्या सरकारला अडवायचं काम आपलंच.

१९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जाहीरनामा काढला की बँकेने मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवावं. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. आता त्यांनाही आपल्या लढ्याचा आधार लागतो. साथ दोन्हीकडून असते ती अशी.

म्हणून पाहुणे आले तर त्यांना कपडे, गोळ्या मागू नका. इथल्या कोणत्या कामात तुमच्या देशाचा पैसा आहे, ते विचारा. त्याचे कागद मागा.

आणि आपले कागद आपण सांभाळू. दळी गेली तर नाचणी-वरी कुठे लावणार? पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीने दळीच्या जुन्या पावत्या, दंडाच्या पावत्या आणि कसणाऱ्यांची यादी आणावी. विधवा बायांची नावं सुटता कामा नयेत.

जिंदाबाद!